टॅरोच्या पानातून नवा गट: मराठवाड्यात घडणाऱ्या गूढ खेळासाठी

गूढविद्येवर आधारलेल्या रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे होऊन आणि फासे टाकून कथा रचण्याच्या खेळात, गट आयते मिळतात. पुस्तकात पाच-सहा गुप्त मंडळे दिलेली असतात, प्रत्येकाला टॅरो या पत्त्यांच्या संचातले एखादे पान किंवा चार रंगांपैकी एक रंग वाटून दिलेला असतो आणि खेळाडूंनी त्यांतून एक निवडायचे असते. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन (बैठका) चालणारी सलग कथा, एखाद्या युरोपीय शहरात चालू असेल तोवर ही सोय पुरते. गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, कथा जालन्यात, परभणीत किंवा अंबाजोगाईत आणली की मात्र या मंडळांना इथे करण्यासारखे काही उरत नाही, कारण त्यांची सभागृहे, त्यांची पदे आणि त्यांची जुनी वैरे सगळी दुसऱ्या मुलखातली असतात. अशा वेळी पुस्तकातल्या गटांच्या जोडीला आपले वाढीव गट उभे करावे लागतात. ते कसे करावे याची एक पद्धत मी इथे मांडत आहे. तिचा गाभा एवढाच की पानाचा अर्थ घेऊ नये, पानातली कृती घ्यावी.

टॅरोच्या संचासोबत येणाऱ्या पुस्तिकेत प्रत्येक पानापुढे दोन-चार शब्द छापलेले असतात: संयम, विनाश, बळ, एकांत. बहुतेक जण यांपैकी एक शब्द उचलतात आणि त्या शब्दाला साजेशा स्वभावाच्या माणसांचा गट करतात. असा गट कागदावर बरा दिसतो, पण टेबलावर आल्यावर त्याला काही सुचत नाही. संयमी लोकांचे मंडळ सोमवारी सकाळी नेमके काय करते, याचे उत्तर ‘संयम’ या शब्दात नाही. ते चित्रात आहे. १४ क्रमांकाच्या पानावर एक देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतत आहे, त्याचा एक पाय काठावरच्या जमिनीवर आणि दुसरा पाण्यात आहे, आणि पाण्याची धार सरळ खाली न पडता तिरकी वाहत आहे. एवढे पाहिल्यावर काम, साधन, जागा आणि एक अशक्य गोष्ट, चारही हाताशी येतात. म्हणून पान निवडल्यावर पुस्तिका बाजूला ठेवावी आणि कोण, काय, कशाने, कुठे उभे राहून करत आहे, आणि त्याला काय दिसत नाही, एवढे प्रश्न चित्राला विचारून उत्तरे वहीत उतरवावीत. शेवटचा प्रश्न सर्वांत फलदायी ठरतो.

मूळ संचात भर घालण्याचा आपल्याला अधिकार आहे का, अशी शंका नव्या गेम मास्टरला येते, म्हणून थोडा इतिहास सांगणे गरजेचे आहे. टॅरोचा उगम पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीत झाला आणि तो पत्त्यांचा खेळ होता. चार रंगांच्या ५६ पानांना २१ हुकमाची पाने आणि एक मूर्ख जोडून ७८ पानांचा संच झाला. आपल्याकडे हुकूम हा प्रकार प्रत्येक पत्तेवाल्याला ठाऊक आहे, त्यामुळे या पानांचे मूळ काम काय होते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे फ्लॉरेन्समध्ये याच खेळाचा मिन्किआते नावाचा थोरला भाऊ तयार झाला. त्यात ९७ पाने होती आणि हुकमांची संख्या ४० वर गेली होती, कारण त्यात बारा राशी, चार महाभूते आणि काही सद्गुण नव्याने घातले होते. टॅरोमध्ये प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान दडले आहे हा दावा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये केला, आणि २१ हुकूम व मूर्ख मिळून होणाऱ्या बावीस मोठ्या पानांची बावीस हिब्रू अक्षरांशी सांगड एकोणिसाव्या शतकात एलिफास लेवी या गूढविद्येच्या लेखकाने रूढ केली. १९०९ मध्ये गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला संच आला, तेव्हा बळ आणि न्याय या पानांचे क्रमांकसुद्धा अदलाबदल केले गेले. सांगायचे असे की ज्यांनी हे पत्ते हाताळले त्यांनी ते वाढवले, बदलले आणि त्यांत आपल्या काळाची भर घातली. वाढीव गट करणे ही त्याच परंपरेतली गोष्ट आहे.

कोणता संच धरायचा हे मात्र आधी ठरवावे. जुन्या मार्सेय (फ्रेंच) पद्धतीच्या संचात लहान, म्हणजे चार रंगांच्या, पानांवर प्रसंग नसतात, पाच तलवारी म्हणजे पाच तलवारींची नक्षी, एवढेच. १९०९ च्या संचात लहान पानांवरही माणसे आणि प्रसंग आहेत, आणि आपली पद्धत प्रसंगावर उभी असल्याने तोच संच सोयीचा पडतो. कुणी सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, म्हणजे आपला पारंपरिक पत्त्यांचा संच, वापरण्याचा विचार करील. तो विचार मोहक आहे, पण गंजिफ्यात दहा रंगांची १२० पाने असतात आणि त्याची रचना अगदी निराळी आहे. त्यावर स्वतंत्र खेळ बांधावा. टॅरोवर बांधलेल्या खेळात तो अध्येमध्ये घालू नये. टॅरोचा संच मिळाला नाही तर घरातल्या पत्त्यांवर काम भागते: बदाम म्हणजे चषक, इस्पिक म्हणजे तलवार, चौकट म्हणजे नाणे, किल्वर म्हणजे दंड, आणि बावीस मोठ्या पानांच्या चिठ्ठ्या करून घ्याव्यात. टॅरोच्या प्रत्येक रंगात गुलामाच्या बरोबरीने एक घोडेस्वारही असतो. त्याच्या चार चिठ्ठ्या वेगळ्या कराव्यात.

आता पहिले काम पान निवडण्याचे नसून पोकळी शोधण्याचे आहे. खेळात असलेल्या प्रत्येक गटाचे नाव लिहून त्याखाली दोन वाक्ये लिहावीत: हा गट कशासाठी काहीही करील, आणि कोणती गोष्ट कधीही करणार नाही. मग आपल्या कॅम्पेनमध्ये आतापर्यंत घडलेल्या घटनांची यादी काढावी आणि त्यांतली कोणती घटना कोणत्याच गटाच्या हद्दीत येत नाही ते पाहावे. या अभ्यासाला टॅरोमध्येच एक सुंदर आधार आहे. युरोपातल्या चार प्रमुख सद्गुणांपैकी न्याय, बळ आणि संयम हे तिघे हुकमात आहेत, पण चौथा, म्हणजे विवेक, नाही. मिन्किआतेमध्ये तो आहे. ज्या संचात तिघांना जागा मिळाली आणि एकाला मिळाली नाही, त्या संचाच्या जगात तो वगळलेला चौथा कुठे गेला, या एका प्रश्नावर कॅम्पेनचा पूर्ण एक हंगाम निघू शकतो. आपल्या यादीत अशीच गाळलेली जागा सापडली की तिच्याशी जुळणारी कृती ज्या चित्रात आहे ते पान उचलावे.

पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे दाखवण्यासाठी एक गट सुरुवातीपासून बांधून पाहू. समजा, आपल्या खेळात जादू करण्याची किंमत नेहमी जादू करून झाल्यावर मोजली जाते, आणि जादू करण्याआधीच कर्ज अंगावर घेऊन बसलेल्या माणसांचा गट कुठेच नाही. दंडांचे दहावे पान घ्यावे. चित्रात एक माणूस दहा काठ्यांचा भारा दोन्ही हातांनी कवटाळून वाकून चालला आहे. समोर लांब अंतरावर वस्ती आहे, पण त्याचे तोंड काठ्यांत खुपसलेले असल्याने ती त्याला दिसत नाही. पुस्तिकेत याचा अर्थ ‘ओझे’ असा सापडेल आणि तिथेच थांबले तर हाती दुःखी माणसांचे मंडळ येईल. कृती पाहिली तर हा माणूस कुणाचा तरी माल कुठेतरी पोचवत आहे.

हे चित्र बीड जिल्ह्यात ओळखायला कुणाला वेळ लागणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम हंगामाआधी जी रक्कम देतो ती उचल, आणि कामावर गैरहजर राहिल्याचा दिवस म्हणजे खाडा, ज्याचे पैसे कापले जातात. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. या चार शब्दांत एका गूढ गटाचे संपूर्ण अर्थशास्त्र आहे, आणि ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

या गटाला आपण ‘उचलकरी’ म्हणू. त्यांच्याकडे शक्ती आधी मिळते आणि काम नंतर करावे लागते. नव्या सदस्याची दीक्षा अगदी साधी आहे: वहीच्या पानावर जोडीचे नाव लिहिले जाते, त्याखाली एक उभी रेघ ओढली जाते आणि दोघांचे अंगठे उमटवले जातात. दोघांचे अशासाठी की उचलकऱ्यांत एकट्याला प्रवेश नाही. पात्राने दुसरे पात्र सोबत आणले पाहिजे आणि त्या क्षणापासून दोघांचे कर्ज एकच असते. पुढे जेव्हा जेव्हा जोडीतले कुणी फासे टाकण्याआधीच ‘यश उचलतो’ असे म्हणेल, तेव्हा ते यश निर्विवाद मिळेल आणि वहीत एक रेघ वाढेल. रेघ फेडायची तर कुणा तिसऱ्याची पीडा, भीती किंवा शाप एका रात्रीत ठरलेल्या ठिकाणी पोचवून द्यावा लागतो. बोलावलेल्या रात्री जोडी हजर झाली नाही तर खाडा लागतो आणि आणखी एक रेघ चढते.

दहा रेघा झाल्यावर काय, हे ठरवताना चित्राकडे परत जावे. तिथे माणसाला समोरचे दिसत नाही. म्हणून दहावी रेघ चढल्यावर गेम मास्टरने त्या जोडीला समोर काय आहे याचे वर्णन करणे बंद करावे. त्यांना बाजूचे ऐकू येईल, मागचे कळेल, पायाखालची जमीन जाणवेल, पण समोरच्या माणसाचा चेहरा किंवा दारावरची पाटी सांगितली जाणार नाही. ते इतर खेळाडूंनी सांगावे लागेल. हा नियम टेबलावर फार परिणामकारक ठरतो, कारण ओझे ही गोष्ट आकड्यातून न कळता खेळण्याच्या रीतीतूनच कळते. पुस्तिकेतल्या शब्दावरून असा नियम सुचला नसता.

गटाला माणसे देताना तीन पुरतात. वही सांभाळणारी एक वयस्कर बाई असावी आणि तिला सगळे मावशी म्हणत असावेत. एक मुकादम असावा, जो उचल वाटतो पण ती कुठून आणतो हे कुणाला ठाऊक नाही. आणि ज्याची जोडीदारीण गेल्या हंगामात परतली नाही असा एक माणूस असावा, जो आता अर्धा कोयता म्हणून दोघांच्या रेघा एकटा वाहत आहे. मावशीच्या तोंडी एखादेच वाक्य आधी लिहून ठेवावे, म्हणजे तिचा आवाज पक्का होतो. खेळाडूने ‘माझ्या नावावर किती रेघा झाल्या’ असे विचारले तर ती म्हणेल, “तुझ्या न्हाई रे लेकरा, तुमच्या. वहीत जोडीचं नाव हाय, एकट्याचं कुणाचंच न्हाई.” गटाची घटना, तिची पंधरा कलमे आणि प्रतिज्ञा लिहिण्यापेक्षा असे एक वाक्य जास्त काम करते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ऊसतोड कामगारांचे जगणे कष्टाचे आहे आणि ते खेळाच्या सजावटीसाठी वापरणे अशोभनीय होईल. त्यामुळे या गटातली माणसे दयेचा विषय म्हणून रंगवू नयेत. विद्या त्यांच्याकडे असावी, निर्णय त्यांनी घ्यावेत, आणि शहरातल्या पुस्तकी मांत्रिकांना जे कळत नाही ते त्यांना कळावे. गटांतर्गत तंटाही त्यांचाच असावा: एक बाजू म्हणते की वही जाळून टाकावी, तर दुसरी विचारते की वहीबरोबर पोचवायची राहिलेली दुखणी कुठे जातील. दोन्ही बाजूंना खरेखुरे कारण असेल तरच गट जिवंत राहतो.

पान उलटे पडले तर अर्थ उलटा होतो, असे पुस्तिका सांगतात, आणि त्यातून चांगला गट व वाईट गट अशी सोपी जोडी तयार होते. तसे करू नये. उलट्या पानात तीच कृती असते, फक्त ती दुसऱ्या टोकाकडून पाहिलेली असते. दहा काठ्या खाली ठेवल्या तर माणसाची पाठ सरळ होते, पण समोरच्या वस्तीला त्या काठ्यांची गरज होती. वही जाळणाऱ्यांचा पक्ष हेच उचलकऱ्यांचे उलटे पान आहे, आणि तो खलनायकांचा पक्ष नाही.

दुसरे उदाहरण १४ व्या पानाचे घेऊ, कारण पाण्याचा विषय मराठवाड्यात कुठल्याही काळातल्या कथेला लागू पडतो. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या खडकीत, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगराकडच्या भागातून भूमिगत नहरींनी पाणी आणले. पाणचक्कीचे पाणीही अशाच नहरीने येते आणि ते उंचावरून पाडून त्यावर जाते फिरवले जात असे. जमिनीखालून अदृश्यपणे वाहणारे आणि ठरल्या जागी वर येणारे पाणी हे देवदूताच्या तिरक्या धारेचे अगदी जवळचे रूप आहे.

या गटाला ‘नहरी’ म्हणावे. त्यांचा एकच नियम असावा की काहीही नष्ट होत नाही आणि काहीही नव्याने तयार होत नाही, सगळे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जाते. नहरी माणूस ताप उतरवू शकतो, राग काढून घेऊ शकतो, आठवणसुद्धा ओतून देऊ शकतो, पण मंत्र म्हणताना खेळाडूने दोन्ही भांडी मोठ्याने सांगितली पाहिजेत: कुठून काढले आणि कुठे ठेवले. दुसरे भांडे सांगता आले नाही तर तो स्वतःच दुसरे भांडे होतो. चित्रातला एक पाय जमिनीवर आणि एक पाण्यात आहे, म्हणून प्रत्येक नहरी सदस्याला एक उघड धंदा असलाच पाहिजे. कुणी टँकर चालवतो, कुणी जलशुद्धीकरण केंद्रात रात्रपाळी करतो, कुणी गावच्या बारवेतला गाळ काढण्याच्या कामावर आहे. टँकरवाल्याच्या तोंडचे एक वाक्य असे ठेवता येईल: “आर्धा टँकर त्या गल्लीत रिकामा केला. आता तिथल्या समद्यांला एकच सपान पडंल.”

अशा गटाला इतिहासात एक फूट असावी आणि ती खऱ्या घटनेला चिकटलेली असावी. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नहरींच्या दृष्टीने पाहिले तर एका शहराचे पाणी शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरात ओतले गेले, आणि त्या पाण्याबरोबर काय आले याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. गटातल्या जुन्या मंडळींचे म्हणणे असे की भांडे इतके मोठे झाले की विधी करणे अशक्य आहे, तर तरुण मंडळी म्हणतात की आता लहान भांड्यांचे दिवस संपले. एवढा एक वाद चार सेशन पुरतो. पुस्तकातला चषकांचा गट असेल तर तो नहरींवर आपला हक्क सांगणार हे उघड आहे, आणि नहरी त्यांना घरात पाणी साठवणारी माणसे म्हणणार.

१६ वे पान, म्हणजे मनोरा, सगळ्यांना आधी आठवते, कारण देवगिरीचा किल्ला डोळ्यांसमोर उभा राहतो. चित्रात वीज मनोऱ्यावरचा मुकुट उडवते आणि दोन माणसे खाली पडतात. मनोरा अजून उभाच आहे. इथे ‘विनाश’ हा शब्द सोडून पडणाऱ्या दोघांकडे पाहावे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवण्याचा निर्णय घेतला आणि काही वर्षांतच तो फिरवला. ज्यांना इथे आणले गेले आणि मग परत जा म्हणून सांगितले गेले, त्यांपैकी न परतलेल्यांचा एक गट करता येतो. सत्तेचे ठिकाण हलते तेव्हा मागे उरणाऱ्या वस्तूंवर त्यांचा अधिकार असतो. किल्ल्यातला अंधारी हा भुयारी मार्ग त्यांच्या परीक्षेसाठी तयारच आहे. यापेक्षा जास्त या पानावर वेळ घालवू नये.

मनोऱ्याबद्दलच आणखी एक सांगणे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. तो एखाद्या गटाच्या विधीमुळे झाला, असे कथेत कधीही लिहू नये. लातूर-धाराशिवकडच्या कोणत्याही टेबलावर त्या रात्री घरातले माणूस गमावलेला खेळाडू बसलेला असू शकतो. खरी आपत्ती गटाच्या कारवाईचे फळ म्हणून दाखवली की मृतांचे दुःख खेळाच्या गुणांत मोजले जाते. नंतरच्या पुनर्वसनात, ओसाड राहिलेल्या जुन्या गावठाणात गटाचे काम दाखवावेसे वाटले, तर आधी टेबलावरच्या सर्वांना विचारून घ्यावे.

भानामतीच्या बाबतीत माझे मत याहून कडक आहे. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली माणसांवर, विशेषतः बायकांवर, आळ घेतले गेले, त्यांना छळले गेले, आणि त्याविरुद्ध कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन काम केले. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. गूढ खेळ लिहिणाऱ्याने या वास्तवाकडे पाठ फिरवू नये. म्हणून दुसऱ्यावर करणी करणे ही कोणत्याही वाढीव गटाची मुख्य शक्ती असू नये, आणि ज्या बाईवर गावाने आळ घेतला ती शेवटी खरोखर दोषी निघते, असे कथानक कधीही रचू नये. जादूची किंमत जादू करणाऱ्याच्या अंगावर पडते हा नियम उचलकरी आणि नहरी या दोन्ही गटांत मी जाणून ठेवला आहे. त्याने कथेतली भीती कमी होत नाही. उलट निर्णय खेळाडूच्या हातात आल्याने ती वाढते.

श्रद्धास्थानांबाबतही असाच विवेक पाळावा. तुळजापूर, नांदेडचा गुरुद्वारा, खुलताबादचे दर्गे, परळी, औंढा आणि वेरूळची ज्योतिर्लिंगे ही कोणत्याही काल्पनिक गटाची मालमत्ता असू नयेत. गट त्यांच्या सावलीत चहाच्या टपरीवर भेटू शकतो, गाभाऱ्यात नाही. परंपरेतून तंत्र घेता येते: महानुभाव पंथात ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवण्याची रीत होती, आणि आपल्या गटाच्या वहीला तशी एखादी स्वतंत्र लिपी रचून देणे योग्य आहे, पण त्या पंथालाच गुप्त मंडळ म्हणून खेळात उतरवणे योग्य नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती, तेव्हा जुन्या गटाच्या वहीची पहिली पाने मोडीत, मधली उर्दूत आणि अलीकडची बॉलपेनने देवनागरीत असणे स्वाभाविक आहे. अशी वही खेळाडूंच्या हाती लागली की ती वाचून घेण्यासाठी त्यांना दोन-तीन वेगवेगळ्या माणसांच्या दारात जावे लागते, आणि तपासाचा एक पूर्ण सेशन आपोआप उभा राहतो.

गट तयार झाल्यावर त्याचे शेजारी ठरवावेत. नव्या गटाचे पान मध्ये ठेवावे, उरलेले पत्ते पिसून एक पान डावीकडे आणि एक उजवीकडे काढावे. डावे पान हा गट कुणाचे देणे लागतो ते सांगते, उजवे पान तो कुणापासून काय लपवतो ते सांगते. समजा नहरींच्या डावीकडे नाण्यांचे सहावे पान आले, ज्यात एक श्रीमंत माणूस हातात तराजू धरून याचकांना पैसे देत आहे. तर नहरींच्या टँकरचे डिझेल कोण भरतो हा प्रश्न सुटला. उजवीकडे तलवारींचे सातवे पान आले, ज्यात एक जण पाच तलवारी घेऊन छावणीतून पळत आहे आणि दोन मागे राहिल्या आहेत; तर नहरींनी कुणाचे तरी काही चोरले आहे आणि सगळे चोरता आले नाही. मागे राहिलेल्या त्या दोन तलवारी कुणाकडे आहेत हे गेम मास्टरने लगेच ठरवू नये, खेळाडूंना आधी तर्क करू द्यावा. पत्त्यांनी दिलेले उत्तर अगदीच बसत नसेल तर पान बदलण्यात काही गैर नाही, पण बदलण्याआधी ते चित्र शांतपणे पुन्हा पाहावे.

गट खेळात आणताना घाई करू नये. आधी अफवा ऐकू यावी, मग एखादी वस्तू सापडावी, आणि माणूस सर्वांत शेवटी भेटावा. उचलकऱ्यांच्या बाबतीत म्हणजे आधी मोंढ्यात कुणीतरी ‘त्याने उचल घेतली वाटतं’ असे कुजबुजेल, मग दहा उभ्या रेघांचा फाटका कागद मिळेल, आणि मगच मावशी. गटाला भव्य मुख्यालय देऊ नये; एक ओसरी किंवा कारखान्याच्या थळावरची (तळावरची) एक कोपी, म्हणजे झोपडी, पुरे आहे. सदस्यांची संख्याही सांगू नये. वाढीव गट मूळ गटांहून बलवान झाला की पुस्तकातले सगळे वजनकाटे निरुपयोगी होतात, म्हणून त्याची शक्ती फार खोल पण फार अरुंद ठेवावी.

शेवटी दोन कसोट्या लावाव्यात. पहिलीत पान काढून टाकावे आणि गट उरतो का ते पाहावे. तो जसाच्या तसा उरत असेल तर पान नुसते वर चिकटवलेले आहे. दुसरीत मराठवाडा काढून टाकावा. तरीही काहीच बिघडत नसेल तर गट कुठलाही आहे आणि इथला नाही. उचलकऱ्यांतून दहा काठ्या काढल्या तर न दिसण्याचा नियम जातो, आणि बीड काढले तर जोडीचे कर्ज जाते; म्हणून तो गट ठेवण्यासारखा आहे. यानंतर टॅरो मुळीच ठाऊक नसलेल्या एखाद्या खेळाडूला गटाची माहिती सांगून विचारावे की ही माणसे उद्या सकाळी उठून काय करतील. त्याने न अडखळता उत्तर दिले तर गट तयार आहे. तो अडखळला तर गटाचे तत्त्वज्ञान वाढवू नये, त्याला एखादे काम द्यावे.

गटाची नोंद एका पानापेक्षा मोठी होऊ देऊ नये: वर चित्रातली कृती, मग तीन माणसे, एक जागा, एक देणे, एक लपवलेली गोष्ट आणि तोंडचे एक वाक्य. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडावा आणि प्रत्येक सेशननंतर खेळाडूंनी त्या गटाविषयी जे गृहीत धरले ते तिथे तारखेसह लिहीत जावे, कारण पुढच्या वेळी मावशी काय म्हणणार हे बहुधा त्याच ओळींतून ठरते.